लोक हसतील!

(धाराशिव जिल्ह्यातील एका खेड्यात शेतकरी व कारागीर मंडळींच्या सभेत तेथील शाळामास्तरांनी केलेले भाषण. वेळ अमावास्या चार दिवसांवर आली असता ही सभा भरली होती.)



आजच्या भाषणाचा विषय ऐकून पुष्कळ मंडळींच्या कपाळास आठी पडली असेल. पेरणीचे कर्ज अंगावर आहे, सोयाबीनचा भाव पडलेला आहे, विहिरीने तळ दाखविला आहे, मुलीचे लग्न उंबऱ्याशी येऊन बसले आहे. आणि मास्तर सांगतात काय, तर हसा, आजचा दिवस आनंदात घालवा! पोट भरलेल्या माणसाला हे बोलणे शोभते. हसल्याने का सावकार माघारी फिरतो? हसल्याने का मेघ खाली उतरतो?

हा आक्षेप रास्त आहे आणि आम्ही त्याला बगल देणार नाही. हसण्याने कर्जाची एक पैही फिटत नाही. ‘हसत राहा, म्हणजे सगळे ठीक होईल’ असे तुम्हांस जो सांगेल, तो एक तर भोळा आहे किंवा तुमच्या गप्प बसण्यात त्याचा फायदा आहे. आमचे म्हणणे निराळे आहे. चिंतेने कर्ज फिटत नाही हे सर्वांस ठाऊक आहे; परंतु चिंतेने कर्ज वाढते, हे फार थोड्यांच्या ध्यानात येते. ते कसे वाढते, ही चिंता आपल्या डोक्यात घालतो कोण, आणि ती हलकी करण्यास हसण्याचा व आजच्या दिवसाचा उपयोग काय, एवढेच आज सांगावयाचे आहे.

आमचा धंदा पोरे शिकविण्याचा. भ्यालेल्या पोरास येत असलेले गणितही चुकते, हे आम्ही नित्य पाहतो. फळ्यापुढे उभे केले आणि डोळे वटारले, की सात आणि आठ किती होतात हेही त्याला सुचत नाही. त्याच पोराला जरा हसवून मोकळे केले, की तेच उदाहरण ते बोटे न मोडता सोडविते. पोराची अक्कल तेवढीच असते. मधे फक्त भीती आलेली असते.

मोठ्या माणसाची गत ह्याहून वेगळी नाही. आनंदी मणी, सेंधिल मुल्लइनाथन व त्यांचे सहकारी ह्यांनी तामिळनाडूतील ४६४ ऊस उत्पादक शेतकऱ्यांची बुद्धीची परीक्षा घेतली आणि तिची हकीकत २०१३ साली ‘सायन्स’ ह्या नियतकालिकात प्रसिद्ध केली. परीक्षा एकाच माणसाची दोनदा घेतली. एकदा ऊस जाण्यापूर्वी, म्हणजे हात तंग असता. आणि एकदा उसाचे पैसे आल्यावर, म्हणजे हात मोकळा असता. तोच शेतकरी, तेच डोके. परंतु तंगीच्या दिवसांत त्याची उत्तरे कमी बरोबर आली आणि पैसे आल्यावर अधिक बरोबर आली. त्याचा अर्थ संशोधकांनी असा लावला की, पैशाची विवंचना डोक्यात एवढी जागा अडविते की दुसऱ्या विचारास जागाच उरत नाही.

आता विचार करा. शेतकऱ्याने कागद न वाचता अंगठा दिला, चढ्या व्याजाने पैसे उचलले, बी घेताना फसला, की शहाणे लोक म्हणतात, ‘कुणबी अडाणी.’ अहो, तो अडाणी नव्हे, त्याच्या डोक्यावर ओझे आहे! ज्या दिवसांत सर्वांत मोठे निर्णय घ्यावे लागतात, त्याच दिवसांत त्याचे डोके सर्वांत जड असते. मग निर्णय चुकतो, चुकीने कर्ज वाढते, कर्जाने चिंता वाढते आणि चिंतेने पुढचा निर्णय चुकतो. बैल घाण्याभोवती फिरतो तसा हा फेरा चालू राहतो. म्हणून चिंता हलकी करणे ही चैन नाही. डोके जाग्यावर ठेवण्याची ती पहिली गरज आहे.

आता ही चिंता सगळी आभाळातून पडते काय? पाऊस न पडण्याची चिंता आभाळातून येते हे खरे. परंतु पुष्कळशी चिंता आपल्या दारी आणून विकली जाते, आणि आपण ती कर्ज काढून विकत घेतो.

हा व्यापार जोतीराव फुले ह्यांनी १८५५ साली, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी ओळखला होता. सत्यशोधक समाजाची स्थापना २४ सप्टेंबर १८७३ रोजी झाली. त्याच्या कितीतरी आधी त्यांनी ‘तृतीय रत्न’ नावाचे नाटक लिहिले. त्यात एक गरोदर कुणबीण आहे, तिचा भोळा नवरा आहे आणि दारी आलेला एक जोशी आहे. पोटातल्या लेकरावर ग्रहांचे संकट आहे अशी भीती तो त्या बाईच्या मनात घालतो. लेकरू अजून जन्मास आले नाही, परंतु त्याच्या उद्याची भीती आज विकली गेली! मग अनुष्ठान आले, ब्राह्मणभोजन आले, खर्च आला आणि त्या खर्चापायी ते गरीब घर नाडले गेले. शेवटी त्या नवराबायकोचे डोळे उघडतात आणि ती दोघे शिकण्यासाठी रात्रीच्या शाळेची वाट धरतात.

ह्या नाटकात आणखी एक पात्र आहे आणि आजच्या विषयाशी त्याचाच संबंध आहे. ते पात्र विदूषकाचे. संस्कृत नाटकातला विदूषक राजाच्या पंक्तीला बसून लाडवांच्या गोष्टी करतो. जोतीरावांचा विदूषक मधे मधे येऊन जोश्याचे बिंग फोडतो. जोशी गंभीर चेहऱ्याने ग्रह सांगतो आणि विदूषक हसून हिशेब सांगतो. भीतीचे सोंग उतरविण्यास हसण्यासारखे हत्यार नाही, हे त्या तरुणाने तेव्हाच जाणले होते. हे नाटक दक्षिणा प्राइझ कमिटीने स्वीकारले नाही, आणि पुढे शंभराहून अधिक वर्षे ते छापलेही गेले नाही.

आमचे बोलणे कोणा जातीच्या द्वेषाचे नाही. भीती विकण्याच्या धंद्याविषयी आम्ही बोलतो, आणि तो धंदा आज सर्व जातींचे लोक करतात. पंचांग घेऊन दारोदार फिरणारा जोशी आता क्वचित दिसतो. पण मोबाइलवर भविष्य सांगणारे आहेत, करणी उतरविणारे देवऋषी आहेत, दोन मिनिटांत कर्ज देतो म्हणून फोनमधले सगळे नंबर काढून घेणारे आणि मग सोयऱ्याधायऱ्यांत अब्रू घेण्याची धमकी देणारे आहेत.

परंतु ह्या सर्वांहून मोठा एक व्यापारी आपल्याच घरात बसला आहे. त्याचे नाव आहे, ‘लोक हसतील!’

मांडव लहान घातला, तर लोक हसतील. हुंडा दिला नाही, तर लोक हसतील. बापाच्या तेराव्याला गाव जेवू घातला नाही, तर लोक हसतील. जमीन विकायला काढली, तर लोक हसतील. बँकेची नोटीस आली, तर लोक हसतील. मुलगा पुण्याहून नोकरीविना परत आला, तर लोक हसतील. आपल्या खेड्यांतील किती कर्जे बियाण्यासाठी निघाली आणि किती ह्या दोन शब्दांपायी निघाली, ह्याचा हिशेब ज्याने त्याने आपल्या मनाशी करावा. आणि ह्याच दोन शब्दांपायी माणूस आपले दुःख बायकोपासून, भावापासून, मित्रापासून लपवितो, एकटा पडतो, आणि एकटेपणात चिंता इतकी वाढते की तिच्यापुढे त्याला स्वतःचा जीवही लहान वाटू लागतो. आपला धाराशिव जिल्हा आणि सगळा मराठवाडा ह्या दुःखाने किती पोळला आहे, हे तुम्हांस सांगावयास नको. ज्या घरातला कर्ता असा गेला, ती घरे आपल्या ओळखीची आहेत.

तेव्हा हसणे हे औषध आहे, तसेच ते विषही आहे. कोणाला हसतो आणि कोणाबरोबर हसतो, ह्यावर सर्व अवलंबून आहे. पडलेल्याला हसणे हे विष. पडलेल्याबरोबर बसून, ज्याने पाडले त्याच्या सोंगाला हसणे हे औषध.

बहुजन समाजाच्या चळवळीने हे औषध गावोगाव पाजले. सत्यशोधक जलसे कशाने गाजले? व्याख्यानाला माणसे येईनात, कारण दिवसभर राबलेला माणूस रात्री कोरडा उपदेश ऐकत नाही. म्हणून चळवळीच्या शाहिरांनी तमाशाची ओळखीची चौकट घेतली, त्यातला बीभत्सपणा टाकला आणि सोंगाड्याच्या तोंडी सावकारी, लग्नखर्च, अंधश्रद्धा आणि शिक्षण हे विषय घातले. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत सातारा, कोल्हापूर आणि आसपासच्या मुलखात ह्या जलशांपुढे खेडीच्या खेडी बसत. ज्या सावकारापुढे दिवसा मान वर होत नसे, त्याचे सोंग रात्री पाहून माणसे पोट धरून हसत. एकदा ज्याला हसला, त्याला माणूस पहिल्यासारखा भीत नाही. पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा विचार घेऊन निघालेल्या जलशांनीही हीच वाट धरली.

मुकुंदराव पाटलांनी १९१० सालापासून ‘दीनमित्र’ पत्र चालविले. नेवासे तालुक्यातील तरवडीसारख्या खेड्यात बसून त्यांनी चाळीस पन्नास वर्षे लेखणी झिजविली आणि ‘ढढ्ढाशास्त्री परान्ने’ ही विनोदी कादंबरी लिहिली. दुसऱ्याच्या अन्नावर जगणाऱ्याचे आडनावच ‘परान्ने’! नाव ऐकूनच कुणबी हसला, की अर्धे काम झाले.

आणि गाडगेबाबा! अमरावतीकडील शेंडगावच्या परिटाच्या घरी १८७६ साली जन्मलेला हा माणूस, एका हाती खराटा, डोक्यावर खापर. तो कीर्तनात उपदेश थोडा करी आणि प्रश्न फार विचारी. साधे प्रश्न, पोरालाही उत्तर येईल असे. माणसे मोठ्याने उत्तर देत, आणि उत्तर देता देता आपलेच खुळ आपल्या ध्यानात येऊन हसत. कर्ज काढून सण करू नका, देवापुढे बकरे कापू नका, घरातले ताट गेले तरी हातावर भाकर घेऊन खा, पण पोरांना शिकवा, हे त्यांनी अखेरपर्यंत, म्हणजे १९५६ पर्यंत सांगितले. ते ऐकून माणसे चिडली नाहीत, कारण बाबांच्या हसण्यात तुच्छता नव्हती. ते आपल्या माणसांबरोबर बसून हसत होते.

आता आपल्या जिल्ह्यातली एक गोष्ट घेऊ. तेर येथील गोरोबाकाका कुंभार तुम्हां सर्वांस आपले वाटतात. त्यांच्या अंगणात संतमंडळी जमली असता मुक्ताबाईंनी थापटण्याकडे बोट दाखवून हे काय म्हणून विचारले, अशी कथा सांगतात. काका म्हणाले, मडके कच्चे की पक्के हे ह्याने कळते. मग तेच थापटणे घेऊन त्यांनी एकेका संताच्या डोक्यावर टकटक केली. सर्वांनी मुकाट्याने सोसले. नामदेव मात्र चिडले. काका म्हणाले, हे मडके कच्चे! मंडळी हसली, नामदेवांना राग आला. परंतु नामदेवांचा मोठेपणा असा की, तो राग गिळून ते गुरूच्या शोधात गेले आणि पक्के होऊन परत आले.

ह्या कथेतून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. जो स्वतःवरचे हसणे सोसू शकतो, त्याला ‘लोक हसतील’ ह्या भीतीने कोणी लुबाडू शकत नाही. आणि दुसरी गोष्ट अशी की, तेथे हसणाऱ्यांनी नामदेवांना पंगतीतून उठविले नाही. ते त्यांचेच राहिले. चावडीवर, पारावर, हॉटेलच्या बाकावर आपण ज्याला हसतो, तो उद्याही आपल्यात बसेल असे आपले हसणे असते काय? विधवेवर, लंगड्यावर, दुसऱ्याच्या जातीवर, बायकोच्या माहेरावर, ट्रॅक्टर ओढून नेलेल्या शेतकऱ्यावर केलेला विनोद हा विनोद नाही. तो पडलेल्यावर मारलेला धोंडा आहे.

शहरातल्या लोकांनाही हा अनुभव आला. मुंबईत डॉ. मदन कटारिया ह्यांनी १३ मार्च १९९५ रोजी एका बागेत पाच माणसे जमवून हास्यक्लब सुरू केला. आरंभी एकेकाने विनोद सांगावा आणि सर्वांनी हसावे असा क्रम होता. थोड्याच दिवसांत चांगले विनोद संपले आणि दुसऱ्याला लागतील असे, अचकट विचकट विनोद येऊ लागले. तेव्हा त्यांनी विनोदच बंद केले आणि एकमेकांकडे पाहून उगाच हसण्यास आरंभ केला. आश्चर्य असे की, खोटे हसता हसता खरे हसू येऊ लागले. आज असे क्लब देशोदेशी आहेत. अमेरिकेतील रॉबर्ट प्रोव्हाइन ह्या शास्त्रज्ञाने हसण्याचा अभ्यास करून सांगितले की, माणूस एकटा असता जितका हसतो, त्याच्या सुमारे तीसपट तो चारचौघांत हसतो. म्हणजे हसण्याचे मूळ विनोदापेक्षा सोबतीत अधिक आहे. आपल्या आज्यापणज्या पहाटे जात्यावर दोघी दोघी बसत, तेव्हा त्यांना हे कोणी शिकविले नव्हते.

हसण्याविषयी एवढे पुरे. आता आजच्या दिवसाविषयी.

‘आजचा दिवस जग, उद्याचे उद्या’ हे वाक्य दुधारी आहे. दारूच्या दुकानात बसलेलाही हेच म्हणतो. दैवावर हवाला ठेवून हात बांधून बसा असे सांगणारेही हेच म्हणतात. असे आजचे जगणे आम्हांस नको. गोरोबाकाकांचीच दुसरी कथा आठवा. भजनाच्या तंद्रीत चिखल तुडविताना पायाखाली आलेले स्वतःचे लेकरू त्यांना दिसले नाही. काकांच्या भक्तीविषयी आम्हांस पूर्ण आदर आहे. पण प्रपंची माणसाने ह्या कथेतून शिकावयाचे ते हे की, आजच्या दिवसात असणे म्हणजे डोळे मिटणे नव्हे. समोरचा चिखल, हातातले काम आणि पायाशी आलेले लेकरू, ही तिन्ही दिसणे म्हणजे आजच्या दिवसात असणे.

हार्वर्ड विद्यापीठातील दोघा संशोधकांनी २०१० साली एक पाहणी प्रसिद्ध केली. सव्वादोन हजार माणसांना फोनवरून वेळी अवेळी विचारले की, आता तुम्ही काय करता, मन कोठे आहे, आणि कसे वाटते? जवळजवळ निम्म्या वेळा मन हातातील काम सोडून भलतीकडे भटकत होते. आणि मन भटकत असता माणसे कमी सुखी होती. खुरपणारी बाई हे विद्यापीठाशिवाय सांगेल. पात धरली, शेजारणीशी दोन शब्द बोलत खुरपे चालले, की दिवस सरतो. मन घरच्या भांडणात गेले, की खुरपे बोटावर बसते.

मग उद्याचा विचारच करू नये काय? अवश्य करावा. विचार आणि चिंता ह्यांत फरक आहे. विचार एका जागी पोहोचतो आणि थांबतो. चिंता गोल फिरते. दोन्ही ओळखण्याची एक सोपी रीत आम्ही सांगतो. पोराच्या वहीतला एक कागद घ्या आणि मधे रेघ ओढा. एका बाजूस जे आपल्या हाती आहे ते लिहा. दुसऱ्या बाजूस जे कोणाच्याच हाती नाही ते लिहा. लिहिता येत नसेल, तर शाळेत जाणाऱ्या लेकीला सांगा. त्यात कमीपणा नाही.

ह्याचे उदाहरण आपल्याच भूमीने दिले आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाची रात्र सरता सरता, लातूर आणि आपल्या जिल्ह्यात भूकंप झाला. सुमारे दहा हजार माणसे गेली. किल्लारी, सास्तूर ही नावे आजही उच्चारताना घसा दाटतो. पुन्हा भूकंप कोणत्या दिवशी येईल, हे जगातला कोणी सांगू शकत नाही. ती गोष्ट रेघेच्या पलीकडची. परंतु त्या रात्री माणसे पुष्कळशी दगडमातीच्या जाड भिंतींखाली आणि माळवदाच्या जड ओझ्याखाली दबून गेली. घर कसे बांधावे, भिंतींस पट्टा कसा द्यावा, छत हलके कसे ठेवावे, ही गोष्ट रेघेच्या अलीकडची. ती आज करता येते. भूकंपाची चिंता करून रात्र जागविणाऱ्यापेक्षा ज्याने भिंत नीट बांधली, तो निश्चिंत झोपतो.

कर्जाचेही तसेच. पाऊस रेघेच्या पलीकडे. पण कोणाचे किती देणे आहे, व्याज किती, कागद कोणाकडे, हे रेघेच्या अलीकडे. पुष्कळांना आपल्या कर्जाचा नक्की आकडा ठाऊक नसतो. भीतीने ते तो आकडा पाहतच नाहीत, आणि न पाहिलेला आकडा रात्री भुतासारखा वाढतो. तो लिहा. ज्याच्याकडून पैसे घेतले त्याच्याकडे सावकारीचा परवाना आहे काय, ते विचारा. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम २०१४ साली झाला आहे. परवान्याशिवाय सावकारी करणे हा गुन्हा आहे, आणि बेकायदा सावकाराने घेतलेल्या जमिनीबद्दल सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करता येतो. अर्ज लिहिणे हे आजचे काम आहे. तो लिहावयास आम्ही आणि आमच्यासारखे गावोगावचे शिक्षक बसू. त्यासाठी संध्याकाळी शाळेची ओसरी मोकळी असते.

काही कामे एकट्याच्या हाती नसतात, पण दहा जणांच्या हाती असतात. १९७२ च्या दुष्काळात आपल्या वडीलधाऱ्यांनी खडी फोडली, बंधारे घातले. दुष्काळात काम मागणे हा माणसाचा हक्क आहे ही गोष्ट त्यातून पुढे आली, १९७७ साली रोजगार हमीचा कायदा मंजूर झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. पाऊस न पडणे कोणी थांबविले नाही; परंतु पाऊस न पडला म्हणजे उपाशी मरावे, हे मात्र माणसांनी थांबविले. म्हणून भाव, पाणी आणि काम मागण्यासाठी जेथे एकत्र जावयाचे तेथे जाच. आम्ही सांगतो ते हसणे मोर्चाला जाण्याच्या आड येणारे नाही. हसत गेलेली माणसे लांबवर चालतात.

आता एक गोष्ट नीट कान देऊन ऐका. काही वेळा माणसाचे हसू पूर्णच जाते. पंधरा पंधरा दिवस झोप नाही, जेवण नाही, कशातच मन नाही, तो गोठ्यात एकटा बसतो, ‘माझ्यावाचून घर सुखी होईल’ असे बोलतो. त्याला ‘हस’ म्हणू नका आणि ‘खंबीर हो’ असेही म्हणू नका. हा आजार आहे. पाय मोडला म्हणजे जसा डॉक्टर लागतो तसा येथेही लागतो. त्याच्याजवळ बसा, त्याचे ऐकून घ्या, आणि थेट विचारा, ‘जीव द्यावासा वाटतो का रे?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही; उलट मनातले बोलावयास वाट मिळते. त्याला एकटे सोडू नका आणि दवाखान्यात घेऊन जा. सरकारने २०२२ साली ‘टेली मानस’ नावाची सेवा सुरू केली आहे. तिचा क्रमांक १४४१६. रात्री बेरात्री फोन लावता येतो, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येते. हा क्रमांक आज घरी जाऊन भिंतीवर कोळशाने लिहून ठेवा.

मायबहिणींना वेगळे सांगावयाचे आहे. घरातल्या पुरुषाच्या चिंतेची चर्चा गावभर होते. बाईची चिंता चुलीपाशीच राहते. बाई मोठ्याने हसली, तर सासरच्या माणसांना खपत नाही. अहो, ज्या घरात सुनेला मोठ्याने हसता येत नाही, त्या घरात सुख कोठल्या दाराने यावे? सावित्रीबाईंची नावे घेणाऱ्या आम्ही लोकांनी हे आधी आपल्या घरात सुधारले पाहिजे.

चार दिवसांनी वेळ अमावास्या आहे. आपल्या आणि लातूरच्या मुलखासारखी येळवस दुसरीकडे क्वचितच होत असेल. त्या दिवशी गाव ओस पडते आणि रान भरते. कडब्याची कोप उभी राहते, चुन्याने रंगविलेले पांडव बसतात, उभ्या ज्वारीच्या कडेने पंगती पडतात. भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे, खीर. वाटेने जाणारा कोण, कोणत्या जातीचा, हे न पाहता त्याला हाक मारून जेवावयास बसवितात. ज्याला शेत नाही, तो ज्याच्याकडे शेत आहे त्याच्या रानात जेवतो. हसावे कसे आणि एक दिवस पुरता कसा जगावा, हे आपल्या वाडवडिलांनी ग्रंथात लिहिले नाही. ते येळवशीत करून ठेवले.

ह्या येळवशीला तीन गोष्टी करू. पहिली, ज्याच्या घरी यंदा दुःख आहे, ज्याच्यावर नोटीस आली आहे, जो महिनाभर पारावर आला नाही, त्याच्या घरी आदल्या दिवशी जाऊन त्याला आपल्या कोपीवर बोलवा. तो नाही म्हणाला, तर डबा घेऊन त्याच्याकडे जा. दुसरी, रात्रभर जागून भज्जी करणाऱ्या बायांच्या हाताखाली पुरुषांनी भाज्या निवडाव्यात, म्हणजे रानात त्यांनाही हसण्याइतके अंग हलके राहील. आणि तिसरी, पंगतीत बसून गावाने आपसांत एक शब्द द्यावा: ह्या गावात लहान मांडवाला कोणी हसणार नाही, कर्जबाजारी माणसाला कोणी हसणार नाही.

हा शब्द नवा नाही. २५ डिसेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक पद्धतीचा पहिला विवाह झाला. तो भटाविना आणि थोडक्या खर्चात झाला. तेव्हाही कोणी तरी म्हटलेच असेल, ‘लोक हसतील!’ लोक हसले की नाही, हे आज कोणाच्या लक्षात नाही. विवाह मात्र लक्षात राहिला.

गावाने हा शब्द पाळला, तर कर्ज एका रात्रीत फिटणार नाही हे आम्ही पुन्हा सांगतो. परंतु जो माणूस आज गोठ्यात एकटा बसला आहे, तो उद्या पारावर येऊन बसेल, आपला आकडा चारचौघांत सांगेल, आणि चार डोकी त्यावर एकत्र विचार करतील. आम्हांस एवढेच हवे आहे. 

सत्याचा जय असो!